मदत हवी आहे: दोन्ही बाजूंच्या अल्व्हिओलर क्लेफ्टमध्ये (वरच्या हिरडीच्या हाडातली जन्मजात फट) भरायला रुग्णाचंच हाड कुठून घ्यावं?

मुलगा १० वर्षांचा, वजन २८ किलो. दोन्ही बाजूंना क्लेफ्ट, प्रीमॅक्सिला (वरच्या जबड्याचा पुढचा, मधला भाग) हलते. वरच्या सुळ्यांची मुळं निम्मी तयार आहेत, म्हणजे हाड भरायची वेळ हीच. एक्स्पान्शन (वरचा जबडा रुंद करणं) झालंय. सीबीसीटीवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) दोन्ही बाजू मिळून साधारण ३ सीसी हाड लागेल.

हनुवटीचा विचार सोडला: खालचे सुळे अजून हाडातच आहेत, शिवाय तिथे इतकं कॅन्सलस (आतलं जाळीदार हाड) मिळणार नाही. टिबियाला (नडगीचं हाड) ग्रोथ प्लेटची, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या थराला इजा होण्याची भीती. कवटीचं हाड बहुतेक कॉर्टिकल (टणक, भरीव). राहिला अँटिरिअर इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची पुढची कड).

अडचण अशी, की घरचे लोक ऊसतोड कामगार. दुसऱ्या दिवशी घरी सोडावं लागेल आणि मूल चालतं हवं. क्रेस्टवरची कूर्चा न कापता वर उचलून ट्रॅपडोअरनं (झाकणासारखं उघडून) घेतलं तर ३ सीसी नक्की निघतं, पण लंगडणं काही दिवस राहतं. ट्रेफाइननं (पोकळ नळीसारखं ड्रिल) दुखणं कमी, मात्र पुरेल का, ही धाकधूक. कमी भरलं तर नाकाच्या तळाशी पोकळी राहते. बोन सब्स्टिट्यूट नको, सुळा त्यातूनच उतरायचाय.

याच वयात ट्रेफाइननं एका बाजूच्या क्रेस्टमधून किती सीसी मिळतं? आणि हाड काढलेल्या जागी ०.२५ टक्के ब्युपिवाकेन (बधिर करणारं औषध) १० मिली एकदाच सोडून भागतं, की ते पुन्हा देता यावं म्हणून कॅथेटर (बारीक नळी) ठेवता?