अंगावर पित्त उठतं म्हणून थायरॉईडची गोळी?

रोखठोक: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, "सतत गांधी उठतात? मूळ थायरॉईडमध्ये आहे. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या फेका, थायरॉईडची सुरू करा." डोकंच फिरलं. सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्तात अँटी-टीपीओ अँटीबॉडीज (थायरॉईडवर उलटलेली प्रतिद्रव्यं) जास्त सापडतात, खरंय. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा टीएसएच (थायरॉईड नीट चालतंय का हे दाखवणारी रक्ततपासणी; थायरॉईड मंदावलं की वाढतो) नॉर्मल असतो. प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली की ती त्वचा आणि थायरॉईड दोन्हीकडे त्रास देऊ शकते, एवढाच अर्थ. गरज नसताना थायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, घेतलंत तर धडधड आणि हाडांची झीज पदरात पडेल.

मुक्ता: हे सगळं पुस्तकी. माझ्या बहिणीचा टीएसएच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत गांधी थांबल्या. पापण्या इतक्या सुजायच्या की सकाळी डोळा उघडत नसे. तिला सांगा संबंध नाही म्हणून!

रोखठोक: संबंध नाही असं मी कुठे लिहिलंय? तिचा टीएसएच वाढलेला होता, तिला गोळी हवीच होती. शिवाय हा आजार अनेकांत आपणहूनही ओसरतो.

अवलिया: थायरॉईड राहू द्या, स्टिरॉइडवर बोला! मला दर वेळी तेच दिलं. चार दिवस अंग साफ, कोर्स संपला की पुन्हा कमरेच्या पट्ट्याखाली लालभडक चट्टे. वर साखर वाढली. साधी अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी, रोज न चुकता घ्या, हे एकाही डॉक्टरने सांगितलं नाही.

मुक्ता: रोज? सवय लागते, गुंगी येते.

अवलिया: कसली सवय? फेक्सोफेनाडिन, बिलास्टिनने सहसा गुंगी येत नाही. गांधी उठल्यावर धावत गोळी शोधण्यापेक्षा ती रोज पोटात गेलेली बरी. नाहीच पुरली तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत नेतात. त्यापुढे ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे, दर चार आठवड्यांनी.

निशा: स्टिरॉइडला सरसकट राक्षस ठरवू नका. मोठ्या भडक्यात थोडे दिवस देतातच. महिनोन्‌महिने देणं चूक. आणि एकच गांध २४ तासांहून जास्त टिकली, आग झाली, मागे काळानिळा डाग राहिला, तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते, बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) लागते. जीभ सुजली, श्वास अडकला तर इथे लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.

मुक्ता: बरं, नुसत्या अँटीबॉडीज दिसल्या म्हणून गोळी नको. मान्य, एकदाचं. पण तपासणी तरी करा! बहिणीला "टेन्शन घेऊ नका" सांगून परत पाठवत राहिले, कुणी रक्त तपासलं नाही. तो राग जात नाही.

रोखठोक: त्या रागात मी तुमच्या बाजूने. टीएसएच बघाच. फक्त केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.