महानगरपालिकेत १२० तासांची ओजेटी: ठरावांचा अभ्यास नेमका कसा करायचा?

गोदाकाठ
एम.ए. राज्यशास्त्र, दुसरं सत्र. चार क्रेडिटची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) म्हणजे १२० तास भरायचे आहेत. नाशिक महानगरपालिकेच्या सभेचे ठराव आणि अंदाजपत्रक यांवर काम करायचं आहे. अर्ज कुणाकडे द्यायचा? विषय केवढा घ्यायचा? कॉलेजला शेवटी काय द्यायचं?

नगरवाचक
अर्ज आयुक्तांच्या नावे करा, प्रत नगरसचिवांना द्या आणि आवक विभागातून पोच घ्या. विषयपत्रिका, इतिवृत्तं, ठराव हे सगळं नगरसचिव विभागाकडे असतं, म्हणून बसायला तोच विभाग मागा. विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्राची प्रत, तारखा आणि विषयाचं अर्ध्या पानाचं टिपण जोडा.

'नागरी प्रशासनाचा अभ्यास' असा मोघम अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, कारण तो कुठल्या खात्याचा हेच ठरत नाही. 'सार्वजनिक स्वच्छतागृहांविषयी सर्वसाधारण सभा व स्थायी समितीचे ठराव, २०१९-२० ते २०२१-२२' असं लिहिलंत की कुठला गठ्ठा काढायचा ते लिपिकाला लगेच कळतं. १२० तासांत एवढा एकच विषय नीट होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रकाची धावपळ असते. जमलं तर एप्रिल मागा.

ठरावबुक
तक्त्याचे रकाने आधीच ठरवा: सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, उपसूचना (मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल), निर्णय, रक्कम, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं). विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक वेगवेगळे असतात. तहकूब झालेला विषय पुढच्या सभेत पुन्हा येतो. हे ध्यानात ठेवलं नाही तर एकच प्रस्ताव दोनदा मोजला जातो.

'उपसूचनांसह मंजूर' असं दिसलं की थांबा. प्रशासनाने मांडलेली रक्कम आणि सभेने मंजूर केलेली रक्कम एकच असेल असं नाही, उपसूचना शब्दन् शब्द वाचावी लागते. शिवाय ठराव मंजूर झाला म्हणजे अमलात आला असंही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. हे इतिवृत्तात सापडणार नाही, वेगळं विचारा.

सगळ्यात जास्त घोटाळा अंदाजपत्रकात होतो. तरतूद हाच खर्च समजून अहवाल लिहिले जातात. पुस्तकात साधारणपणे मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. त्यामुळे २०२१-२२ चा प्रत्यक्ष खर्च हवा असेल तर २०२३-२४ चं पुस्तक उघडावं लागतं.

गोदाकाठ
मनापासून आभार. २०२२ नंतरचे ठरावही घेऊ का?

ठरावबुक
याच तक्त्यात नको. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक इथल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले. त्या ठरावांना सूचक नाही, अनुमोदक नाही, चर्चा नाही. एकत्र मोजलंत तर नगरसेवकांचा सहभाग एकदम घटल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. खर्चाचा माग काढायला मात्र ते वापरता येतील, पण वेगळ्या तक्त्यात.

पाटीपुस्तक
जुन्या पीडीएफबद्दल थोडं. युनिकोडपूर्व मराठी फाँटमधला मजकूर कॉपी केला की निरर्थक अक्षरं उमटतात, आणि 'स्वच्छतागृह' शोधलं तर शून्य निकाल येतात. ठरावच नाही असं समजू नका. फाँट ओळखून रूपांतर करा, स्कॅन असेल तर पानं डोळ्यांनीच चाळा. 'शौचालय', 'मुतारी', 'प्रसाधनगृह' हे शब्दही शोधा.

माहिती अधिकारावर सगळा आराखडा उभा करू नका. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि रोज ५ तास धरले तर ओजेटी २४ दिवसांत संपते. आधी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली महापालिकेने स्वतःहून संकेतस्थळावर काय टाकलंय ते बघा. तरीही लागलाच तर पहिल्याच दिवशी अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत.

नगरवाचक
कॉलेजला चार पानी टिपण आणि सोबत पूर्ण तक्ता द्या. प्रत्येक विधानाला ठराव क्रमांक व तारीख हवी. तासांच्या नोंदवहीवर दर आठवड्याला सही घ्या. अधिकाऱ्याची मध्येच बदली झाली तर नवे अधिकारी मागच्या तासांवर सही करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.