विदर्भात उष्णतेची लाट, आसामात लाल इशारा: पाच दिवसांचा अंदाज कसा वाचावा?

गोणपाट: मे अखेरीस कांद्याचा ट्रक लासलगावहून गुवाहाटीला निघतोय. वाट नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर, सिलिगुडी. पाच-सहा दिवस धरलेत. हवामान खात्याच्या नकाशात विदर्भ नारिंगी, बंगाल पिवळा, आसाम-मेघालय लाल. गाडी सोडायची की थांबवायची? माल झाकायचा की उघडा?

वातकुक्कुट: आजचा नकाशा अख्ख्या वाटेला लावू नका. गाडी आसामात शिरेल पाचव्या दिवशी, तेव्हा आसामचा रंग पाचव्या दिवसाच्या नकाशात बघायचा. अंदाजासाठी देशाचे 36 हवामान उपविभाग पाडलेत, विदर्भ त्यातलाच एक. कोणत्या दिवशी गाडी कोणत्या उपविभागात असेल ते कागदावर मांडा आणि त्या त्या दिवसाच्या नकाशात तेवढाच उपविभाग वाचा. इशाऱ्यातला दिवस रात्री बाराला संपत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 ला संपतो. रात्रीचा प्रवास असेल तर इथेच घोटाळा होतो.

रंगापेक्षा शब्द महत्त्वाचे. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी पाऊस म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. सोबत ‘तुरळक ठिकाणी’ असेल तर उपविभागातल्या फार तर 25 टक्के पाऊस-नोंद केंद्रांवर. ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तर 75 टक्क्यांहून जास्त. लाल रंग दोन्हीकडे दिसू शकतो, गाडीच्या दृष्टीने फरक मोठा.

लू_४७: विदर्भाबद्दल उलटी चूक होते. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरायला पारा किमान 40 आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश वर लागतो, किंवा थेट 45. नागपूरची मे अखेरची सरासरीच 42-43 च्या आसपास. म्हणजे 44 अंशांतही नकाशा हिरवा, म्हणजे इशाऱ्याविना, राहू शकतो. टायरला सरासरीशी काय देणंघेणं? रंग कोणताही असो, अकोला ते रायपूर हा टप्पा संध्याकाळ ते सकाळ या वेळेत काढा.

टायरची हवा गाडी थंड असताना, निघण्यापूर्वी तपासा. तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब बघून हवा सोडू नका. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा ठरतो, पुढे बाजू जास्त वाकून जास्त तापतो आणि फुटतो.

गोणपाट: आणि ताडपत्री?

लू_४७: कोरड्या टप्प्यात फक्त वरून, बाजू मोकळ्या. चहूबाजूंनी आवळलीत तर कांद्याचाच ओलावा आत कोंडतो आणि सड लागते. पावसापुरत्या ताडपत्रीच्या बाजू खाली सोडायच्या, उघडीप मिळताच वर गुंडाळायच्या. खालच्या थराखाली लाकडी फळ्या हव्यातच.

कालबैसाखी: बंगालच्या पिवळ्याला हलकं घेऊ नका. छोटा नागपूरचं पठार दिवसभर तापतं, वर पश्चिमेचे कोरडे वारे, खाली बंगालच्या उपसागराची दमट हवा. दुपारनंतर वादळ उभं राहतं. नेमकं कुठे, हे पाच दिवस आधी कुणीही सांगू शकत नाही. त्यासाठी तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप. बहरागोडा ते खरगपूर शक्यतो दुपारच्या आत उरका. वारा सुटला तर झाडाखाली किंवा होर्डिंगखाली गाडी लावू नका.

वातकुक्कुट: थांबण्याचा निर्णय लासलगावला नको, सिलिगुडीला घ्या. पुढच्या रस्त्यावर तोर्सा, मानस अशा भूतानच्या डोंगरांतून येणाऱ्या नद्या आहेत. भूतानात पडलेला पाऊस भारताच्या इशारा-नकाशात दिसणार नाही, पाणी मात्र खाली येईल. म्हणून तिथे हवामान खात्यासोबत केंद्रीय जल आयोगाचा पूर-अंदाजही बघा. पुढच्या टप्प्यात अति जोरदार आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ (निम्म्याहून जास्त केंद्रांवर) असं सलग दोन दिवस दिसलं तर गाडी सिलिगुडीतच छपराखाली लावा, बाजू उघडा. आसामात रस्त्यावर अडकून पडण्यापेक्षा हे स्वस्त.

गोणपाट: मग गाडी उद्या संध्याकाळी सोडतो. फळ्या आजच टाकून घेतो.