मायलोमा उलटलाय, ट्रायलमध्ये जायचं तर सुरुवात कुठून?

कृष्णाकाठ: बाबा ६४ वर्षांचे, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला रक्ताचा कॅन्सर). आधी बोर्टेझोमिब-लेनालिडोमाइड-डेक्सा (डेक्सा म्हणजे स्टिरॉइड), मग ऑटो ट्रान्सप्लांट (स्वतःच्याच मूळपेशींचं), नंतर रोजची लेनालिडोमाइड. ती चालू असतानाच एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन) चढलंय. डॉक्टर म्हणाले, एखादी ट्रायल (नव्या उपचाराची चाचणी) बघा. कुठे बघायची? कागद कोणते लागतील? घरच्यांना धास्ती, की नुसत्या साखरेच्या गोळ्या देतील.

फाईलवाला: आयसीएमआरच्या सीटीआरआय या ट्रायल्सच्या ऑनलाइन नोंदणीवर आजाराचं नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. भारतापुरती भरती 'ओपन टू रिक्रूटमेंट' आहे का ते बघा, पण तेवढ्यावर गाडीत बसू नका. नोंद जुनी असू शकते, किंवा इतरत्र भरती चालू आणि तुमच्या जवळच्या केंद्रात बंद असं असतं. पानावर केंद्रांची यादी आणि प्रमुख संशोधकाचा फोन असतो. तिथे आधी बोला.

फोनपूर्वी एक कागद तयार ठेवा: प्रत्येक औषध कधी सुरू, कधी बंद, का बंद. तुमच्याकडे इंडक्शन (सुरुवातीची औषधं), ट्रान्सप्लांट आणि मेंटेनन्स (नंतरची रोजची गोळी) आधी ठरवून एकामागोमाग झालं असेल तर ती मिळून एकच 'लाइन' (उपचाराची फेरी) धरतात. लोक तीन सांगतात आणि फोनवरच बाद होतात. शेवटच्या लेनालिडोमाइड गोळीची तारीखही लिहा. गोळी चालू असताना किंवा थांबवल्यापासून ६० दिवसांत आजार वाढला, तर रुग्ण त्या औषधाला 'रिफ्रॅक्टरी' ठरतो. काही ट्रायल्सना असेच रुग्ण हवे असतात, काहींना चालत नाहीत. सोबत बोन मॅरो, फिश (FISH, पेशींची जनुकीय तपासणी), सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातलं एम-प्रोटीन मोजणारी) आणि फ्री लाइट चेन (त्याच प्रकारच्या प्रथिनाचे सुटे तुकडे) यांचे जुने-नवे रिपोर्ट.

लॅबखिडकी: स्क्रीनिंगमध्ये अडकतं ते बहुधा 'मोजता येण्याजोगा आजार' या अटीवर. एम-प्रोटीन ट्रायलनुसार ०.५ किंवा १ ग्रॅम प्रति डेसिलिटर तरी लागतं, नाहीतर २४ तासांच्या लघवीत २०० मिलिग्रॅम, नाहीतर लाइट चेनचा निकष. म्हणून मध्येच हाडं दुखतात म्हणून कुणी डेक्सा सुरू करत असेल, तर ट्रायलच्या टीमला आधी विचारा. आकडा खाली येतो, आणि औषधं थांबवून पाळायचा वॉशआउट (बऱ्याचदा दोन आठवडे) पुन्हा पहिल्यापासून. अर्थात मणक्यावर दाब आला असेल किंवा कॅल्शियम चढलं असेल तर उपचार आधी, ट्रायल नंतर.

ती २४ तासांची लघवी कॅनमध्ये अशी जमवा. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ तिथून सुरू. पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची सहाचीसुद्धा. शौचाला बसल्यावर होते ती हमखास निसटते; लघवी आधी वेगळी करा.

काढे, चूर्णं, गुळवेल घेत असतील तर ट्रायलच्या टीमला सगळं सांगा. पपनससुद्धा. ग्रेपफ्रूटच्या जातीचं हे फळ काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं.

कृष्णाकाठ: आणि साखरेच्या गोळ्यांचं?

संमतीपत्र: उलटलेल्या मायलोमात नुसता प्लासिबो (म्हणजे तीच औषध नसलेली गोळी) सहसा देत नाहीत. तुलना असते ती प्रचलित उपचार आणि नवीन उपचार यांत. प्लासिबो असलाच तर प्रचलित औषधाच्या जोडीला. फेज १, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीची सुरुवातीची पायरी, मात्र वेगळी. तिथे मुख्य प्रश्न डोस किती सोसवतो हा, ते बाबांना स्पष्ट सांगा.

माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, सही नंतर. सही झालेली प्रत तुमच्याकडे राहते. विचारायचं ते पैशाचं: ट्रायलचं औषध फुकट, पण जोडीचं प्रचलित औषध, पेट (PET) स्कॅन, मुंबईच्या फेऱ्या कुणाच्या खिशातून? डॉक्टरांनीच चालवलेल्या अकादमिक ट्रायलमध्ये प्रचलित औषधांचा खर्च रुग्णाकडे असू शकतो. ट्रायलचं औषध देण्यासाठीच कुणी पैसे मागत असेल तर आधी एथिक्स कमिटीला (ट्रायलमधल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीला) फोन करा. नंबर माहितीपत्रकात असतो.

२०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. बाहेर केव्हाही पडता येतं, कारण न देता. फक्त गोळ्या गुपचूप बंद करू नका, उरलेल्या स्ट्रिप्स परत न्या. त्या मोजतात.