ड्रायर थांबतच नाही : तुमचे अनुभव सांगा

रात्री साडेदहाला चादरी टाकून झोपले. पहाटे पाणी प्यायला उठले तर ड्रायर फिरतोच आहे! दार उघडल्यावर थांबला, पण आतून भट्टीसारखी झळ आली आणि चादर पापडासारखी कडक झालेली. घरात सगळे गाढ झोपेत होते, त्या विचारानेच अजून धडधडतं. मशीन खटक्याच्या टायमरचं, जुनं आहे. कुणाला असा अनुभव आलाय का? नेमकं काय निघालं, ते सविस्तर लिहा.

~

आधी एक बघा : ऑटोवर (म्हणजे कपडे वाळले की मशीन आपणहून थांबतं, त्या सोयीवर) थांबत नाही, की मिनिटं लावूनही थांबत नाही? आमचा मिनिटांवर वेळेत बंद व्हायचा, ऑटोवर मात्र तासन् तास चालायचा. आम्ही टायमरच बदलायला निघालो होतो. पण अशा बऱ्याच जुन्या मशिनांत ऑटोवर टायमरची मोटर सतत चालत नाही. ड्रम पुरेसा तापला की थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा स्विच) हीटर बंद करतो, आणि तेवढ्याच वेळात खटका पुढे सरकतो. आमच्या हीटरच्या दोन कॉइलपैकी (तापणाऱ्या तारांपैकी) एक तुटली होती. हवा नुसती कोमट, थर्मोस्टॅट हीटर कधी बंद करेचना, मग टायमर सरकणार कसा? कॉइल बदलली, काम झालं. टायमर जुनाच आहे.

~

आमचं सेन्सरवालं. ड्रमच्या तोंडाशी, लिंटच्या (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या) जाळीजवळ धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून बारीकसा प्रवाह जातो, त्यावरून मशीन ओल ओळखतं. पट्ट्या पुसा असं सगळे सांगतात. पुसाव्यातच, सॉफ्टनरचा थर बसतो. पण त्या थराने प्रवाह अडतो, म्हणजे मशीन बहुधा लवकर थांबतं, कपडे दमट राहतात. आमच्याकडे उलटं होतं : पट्ट्यांच्या वायरी आत चेपून, सोलून एकमेकींना चिकटल्या होत्या. मशीनला कपडे कायम ओलेच वाटत होते.

~

आमच्याकडे हवा बाहेर नेणारी नळी लिंटने गच्च भरली होती. कपडे वाळतच नव्हते, मग ऑटो थांबेल कशाला? जाळी दर वेळी साफ करायचो, नळीकडे कधी बघितलंच नाही. लिंट पटकन पेट घेतं, त्यामुळे हे पुढे ढकलू नका.

~

नवं मशीन असेल तर सुरकुत्या टाळायची सोय चालू आहे का बघा. कपडे वाळल्यावरही ड्रम थोड्या थोड्या वेळाने फिरतो. तो बिघाड नव्हे.

~

आमचा ड्रायर दार उघडलं तरी फिरत राहायचा. दाराचा स्विच आतल्या आत चिकटलेला. घरात लहान मूल आहे, म्हणून त्याच क्षणी प्लग काढला आणि नवा स्विच बसेपर्यंत परत लावला नाही. तुमचं असं असेल तर एकही फेरी चालवू नका.

~

सगळ्यांचे मनापासून आभार. दार उघडल्यावर आमचा थांबतो, तेवढं बरं. आज ड्रम रिकामा ठेवून चाळीस मिनिटं लावली, खटक्याच्या टोकाशी पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि घड्याळ घेऊन समोरच बसले. वीस मिनिटांनी टोक रेघेवरच होतं. हवा चांगली गरम, म्हणजे कॉइल ठीक असावी. टायमरच्या मोटरवरच संशय आहे. प्लग काढून ठेवलाय, उद्या मेकॅनिक येईल. तोवर चादरी दोरीवर.