मरगळलेल्या मॉलमधला गाळा स्वस्तात मिळतोय, घ्यावा का? (जळगाव)

गिरणाकाठ

राम राम मंडळी. जळगावात महामार्गालगतच्या एका तीन मजली मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर दोन गाळे विकाऊ आहेत. दोन्ही कागदावर ४०० चौरस फूट सुपर बिल्टअप (भिंती आणि सामाईक जागेचा हिस्सा धरून).

पहिला गाळा जुन्या मालकाचा, १७ लाख. दुसरा बिल्डरकडे न विकता राहिलेला, २४ लाख. त्यावर मॉल सांभाळणारी कंपनी ३ वर्षं वार्षिक ९ टक्के परताव्याची हमी लिहून देणार आहे.

मजल्यावर ३२ गाळे, त्यातले ११ चालू. तळाला किराणा सुपरमार्केट, सर्वांत वर सिनेमा. मेंटेनन्स महिना १२ रुपये फूट, घरपट्टी वर्षाला १४ हजारांच्या आसपास. दलाल म्हणतो १२ हजार भाडं सहज येईल. रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकानुसार) किंमत २१ लाख निघते, म्हणजे १७ चा सौदा फायद्याचाच, असंही तो सांगतो. १० लाख कर्ज काढावं लागेल. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर इसार मागताहेत. काय तपासावं, फसगत कुठे होते?

हिशेबवही

भाऊ, आधी ९ टक्क्यांची हमी बाजूला काढू, कारण बहुतेकांचं लक्ष तिथेच अडकतं. २४ लाखांवर ९ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार, ३ वर्षांत ६ लाख ४८ हजार. दोन गाळ्यांच्या किमतीत फरक किती? ७ लाख. तुमचेच पैसे ३६ हप्त्यांत परत येणार आहेत. चौथ्या वर्षी गाळा बाजारभावाच्या भाड्यावर येतो आणि तुमच्या हातात २४ लाखांचं खरेदीखत राहतं.

हमी कोण देतंय तेही पाहा. बिल्डर स्वतः देत नाही, वेगळी कंपनी काढलेली असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं भागभांडवल, ताळेबंद आणि तिच्यावर नोंदलेले बोजे पाहता येतात. १ लाख भांडवलाच्या कंपनीची हमी म्हणजे १ लाखाचीच हमी. पुढच्या तारखांचे चेक देऊ म्हणाले तरी, चेक न वटल्यास बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवस मुदत, मग कोर्ट. आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिच्याविरुद्धचा तो खटला स्थगित होतो.

आता १७ लाखांच्या गाळ्याचा हिशेब. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. २१ लाखांवर ६ टक्के म्हणजे १ लाख २६ हजार, नोंदणी फी १ टक्का म्हणजे २१ हजार (तिची कमाल मर्यादा ३० हजार). महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळेल असं कोणी सांगेल, पण ती सूट राहत्या घराला आहे, गाळ्याला नाही. एकूण गुंतवणूक झाली १८ लाख ४७ हजार.

वर्षाचं भाडं १२ महिने आलं तर १,४४,०००. मेंटेनन्स ४०० गुणिले १२, महिना ४,८००, वर्षाला ५७,६००. घरपट्टी १४,०००. उरले ७२,४००, म्हणजे ३.९ टक्के. पण ३२ पैकी २१ शटर बंद असलेल्या मजल्यावर भाडेकरू बारा महिने टिकेल हे धरू नका. ३ महिने रिकामे आणि एका महिन्याचं भाडं दलाली धरली, तर उरतात २४,४००. टक्केवारी १.३. पूर्ण वर्ष रिकामा राहिला तर खिशातून ७१,६०० जातात. बंद गाळा नुसता पडून राहत नाही, खातो.

कर्जाचा दर ११ टक्के धरला तरी १० लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याजच लाखाच्या वर जाईल. भाड्यातून हप्ता निघेल ही आशा सोडा.

भाव ठरवायचा तर उलटीकडून या. हाती उरणारी रक्कम ८ टक्क्यांनी भागा. ७२,४०० वरून ९ लाख येतात, २४,४०० वरून ३ लाख. सौद्याची जागा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. बिल्डरने मूळ भाव काय लावला होता याला काही अर्थ नाही.

रेडी रेकनरबद्दल दलालाने सांगितलं ते अर्धंच. १७ ला घेऊन सरकारी मूल्य २१ असेल, तर मधले ४ लाख आयकरात तुमचं उत्पन्न धरले जातात. फरक ५० हजार किंवा खरेदी किमतीचे १० टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असला की हा नियम लागतो. तुमच्या बाबतीत १० टक्के म्हणजे १ लाख ७० हजार, फरक त्याच्या दुपटीहून जास्त. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सव्वा लाखाच्या आसपास कर. विकणाऱ्यालाही भांडवली नफा २१ धरून मोजावा लागतो. मरगळलेल्या मॉलमध्ये बाजारभाव सरकारी भावाच्या खाली गेलेला असणं नेहमीचं आहे, आणि तो फायदा नसून खर्चाचं कलम आहे. उपाय एक आहे: खरेदीखतावर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मूल्य आणि शुल्क आधीच ठरवून घेण्यासाठी, अर्ज. जागेची खरी अवस्था दाखवून मूल्य कमी होतं का ते तिथे पाहता येतं. वेळ लागतो, म्हणून इसाराआधीच सुरुवात हवी.

वीजजोडणी_भुसावळ

कागदं नंतर. आधी मॉलच्या मीटर रूममध्ये जा. दुकानांच्या काचेवर जाहिरातीचा फ्लेक्स लावून बंद गाळा झाकता येतो, मीटर झाकता येत नाही. किती मीटर चालू, किती ठिकाणी मीटर काढून नुसती पाटी उरलीय, ते मोजा. मीटर कायमचं काढून नेलेलं असेल तर थकबाकी विचारा, कारण महावितरणची थकबाकी जागेला चिकटते. नवा मालक जोडणी मागायला गेला की ती त्याच्यापुढे येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अशी वसुली नियमांनुसार करता येते असा निकाल दिला आहे.

पुढचा प्रश्न: गाळ्याला महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे का? असेल तर १२ अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि बिल स्वतः तपासा. अनेक मॉलमध्ये उच्चदाबाची एकच जोडणी कंपनीच्या नावावर असते आणि गाळ्यांना आतले सब-मीटर. तिथे तुम्ही वेळेवर पैसे भरले तरी कंपनीने पुढे भरले नाहीत तर अख्खा मॉल अंधारात जातो. जनरेटरचा युनिट दरही लेखी मागा.

मॉल कसा खचतो त्याचं गणितही इथेच आहे. ३२ गाळ्यांचा मेंटेनन्स कागदावर महिना १,५३,६०० होतो. चालू ११ जणच भरत असतील तर येतात ५२,८००. पण सरकते जिने, लिफ्ट, पहारा, सफाई आणि एसीचा चिलर ३२ गाळ्यांच्या मापाचाच आहे. मग व्यवस्थापन दुपारी एसी बंद करतं. मुंबई-पुण्यात ते एकवेळ खपतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा दुपारी चार तास एसी नसलेला काचेचा मॉल म्हणजे भट्टी. गिऱ्हाईक तुटतं, आणखी दोन शटर पडतात, वसुली आणखी घटते. म्हणून पाहणी मे महिन्यात दुपारी ३ ला करा. हात वर करून एसीच्या जाळीतून हवा येतेय का पाहा.

गर्दी मोजायची तर दिवाळीच्या आठवड्यात किंवा आखाजीला नको. कापसाचा पैसा आला आणि लग्नसराई लागली की खान्देशात कुठेही गर्दी दिसते. पितृपक्षातला मंगळवार, एखादा साधा बुधवार, आणि रविवारी संध्याकाळी ६ ते ९, अशा तीन वेळा उभं राहा. माणसं मोजू नका, हातातल्या पिशव्या मोजा. सिनेमावाले लिफ्टने थेट वर जातात आणि थेट खाली येतात. सुपरमार्केटवाले तळातूनच बाहेर पडतात. पहिला मजला दोघांच्या मध्ये अडकलेला असतो. सरकत्या जिन्यावरून उतरल्यावर पावलं ज्या बाजूला वळतात ती बाजू जिवंत, मागचा कोपरा मेलेला. तुमचे दोन्ही गाळे कोणत्या बाजूला?

गिरणाकाठ

एक मागच्या कोपऱ्यात (१७ वाला), एक जिन्यासमोर. १७ वाल्याची मेंटेनन्सची थकबाकी १ लाख ९० हजार आहे. मालक म्हणतो खरेदी झाल्यावर कंपनीशी बोलून मिटवतो.

सातबारा_धुळे

"नंतर मिटवतो" यावर इसाराचा एक रुपयाही देऊ नका. खरेदीनंतर कंपनी तुमच्याच शटरला नोटीस लावणार. तीन ना-देय दाखले खरेदीखताच्या आधी: मॉल व्यवस्थापनाचा, महापालिकेचा, महावितरणचा. घरपट्टीची थकबाकी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो आणि तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. १४ हजारांची पट्टी चार वर्षं थकली असेल तर आता केवढी झाली असेल ते महापालिकेतून काढून घ्या.

मग क्षेत्रफळ. ४०० हा आकडा विसरा आणि टेप घेऊन आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. मॉलमध्ये ४०० चे २००-२२० निघणं नेहमीचं. २१५ निघाले तर १७ लाखांचा भाव ४,२५० रुपये फूट नसून ७,९०० रुपये फूट पडतो. त्या भावाची तुलना नवी पेठेतल्या किंवा फुले मार्केटच्या आसपासच्या रस्त्यावरच्या दुकानाच्या कार्पेट (आतल्या वापरायच्या जागेच्या) भावाशी करा. मोजताना मधला खांब, बीमची उंची आणि शटरची रुंदी लिहून घ्या. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेतून काढा. नकाशात जिथे पॅसेज किंवा पार्किंग आहे तिथे पार्टिशन घालून गाळा काढून विकल्याचे प्रकार असतात. तो गाळा कधीही पाडला जाऊ शकतो.

जमीन कोणाची ते मिळकत पत्रिकेवर पाहा. एसटी महामंडळ किंवा महापालिकेच्या जागेवर बीओटी तत्त्वावर (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) बांधलं असेल तर तुम्ही मालकी विकत घेत नाही, उरलेल्या वर्षांचा भाडेपट्टा घेता. जळगावकरांना हे समजवायला नको. महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि भाडं, थकबाकी, गाळे खाली करण्याच्या कलम ८१-ब च्या नोटिसा यांचा घोळ पुढे कितीतरी वर्षं चालला.

सगळ्यात मोठा धोका बँकेचा. बिल्डरने अख्खी इमारत तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं आणि गाळे सुटे विकलेले असतात. कर्ज थकलं की सरफेसी (बँकांच्या तारण-वसुलीच्या) कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. तुमच्या गाळ्यापुरतं तारण सोडल्याचं बँकेचं लेखी पत्र नसेल तर तुमचं खरेदीखत तुम्हाला वाचवायला पुरेसं पडेलच असं नाही. वकिलांकडून ३० वर्षांचा सर्च, सरसाई (CERSAI, तारणांच्या केंद्रीय) नोंदवहीतला शोध आणि कंपनीच्या बोज्यांची नोंद, तिन्ही करून घ्या. हे काम ८-१० हजारांत होत असेल तर त्यात काटकसर नको. आणि तुमचं १० लाखांचं कर्ज आधी राष्ट्रीयीकृत बँकेत मागा. तिच्या वकिलाने नकार दिला तर कारण विचारा. ते कारण तुमच्या कामाचं असतं.

बिल्डरच्या गाळ्यावर जीएसटी मागत असतील तर पूर्णत्वाचा दाखला कधीचा ते पाहा. दाखल्यानंतरच्या विक्रीवर जीएसटी नाही.

अग्निशमनाचं नमुना-ब प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. मागच्या चार सहामाह्यांची प्रत मागा. पैसा संपलेला मॉल सर्वांत आधी हेच चुकवतो. लिफ्टची तपासणीही तो अशीच चुकवतो.

नवी_पेठ

सगळेच मॉल बुडतात असं मात्र नको म्हणायला. मरगळलेला मॉल उठतो, पण एका अटीवर: मोठा हिस्सा एकाच मालकाकडे हवा. तो कोणतं दुकान कुठे बसवायचं ते ठरवतो, वर्षभर कमी भाडं सोसतो. गाळे ३२ जणांना सुटे विकले की कोणी मोबाइल कव्हर लावतं, कोणी गोदाम करतं, दहा जण शटर उघडतच नाहीत. त्यांना कोणी काही सांगू शकत नाही. म्हणून सूची क्र. २ (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) वरून मजल्यावरचे मालक मोजा.

"मोठा ब्रँड येतोय" हे ऐकलं तर भाडेकराराचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदलेला भाडेपट्टा नसेल तर ब्रँड येत नाहीये असंच धरा. करार असेल तर त्यातला लॉक-इन (करार मोडता न येण्याची मुदत) कोणावर आहे ते वाचा. बऱ्याचदा मालक ९ वर्षांना बांधलेला असतो आणि ब्रँड ३ वर्षांनी मोकळा. तळाच्या सुपरमार्केटचा करार कधी संपतो ते याच पद्धतीने कळेल. ते गेलं तर पहिला मजला महिन्याभरात ओस पडेल.

१२ हजार भाड्याची खात्रीही तशीच करा. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीचे करार शोधा, खरे आकडे दिसतील.

गिऱ्हाईक नाव विचारत येतं अशा धंद्याला, म्हणजे दाताचा दवाखाना, कोचिंग क्लास, सीए ऑफिस, अशी जागा स्वस्तात जमू शकते. पण तेव्हाही आधी भाड्याने घ्या. तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, दोन महिन्यांच्या नोटिशीवर तुम्हाला बाहेर पडता येईल असा. मालकाला गाळा रिकामा ठेवून ४,८०० भरायचे आहेत, तो ऐकेल.

सातबारा_धुळे

वरच्यात भर. सर्व तपासून १७ वाला घ्यायचंच ठरलं, तर साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवून घ्या आणि त्यात तीन कलमं टाका. एक, थकबाकीचे १ लाख ९० हजार तुम्ही किमतीतून वळते करून थेट कंपनीच्या खात्यात भराल आणि पावती विकणाऱ्याच्या नावाने घ्याल. दोन, बँकेचं तारणमुक्तीचं पत्र ६० दिवसांत आलं नाही तर इसार पूर्ण परत. तीन, खरेदीच्या तारखेआधीचं कोणतंही देणं नंतर निघालं तर ते विकणाऱ्याचं, आणि त्यापोटी १ लाख रुपये सहा महिने वकिलांकडे राहतील. विकणारा तिसऱ्या कलमावर अडला तर काय देणं लपलंय ते आधी शोधा, आखाजीचा मुहूर्त गेला तरी चालेल.