शब्दचर्चा: जनुकांची ‘आंतरक्रिया’ की ‘परस्परप्रभाव’?

पानवाचक: भाषांतर तपासताना अडलोय. मूळ वाक्य: ‘पॉलिकोंब व ट्रायथोरॅक्स या जनुकांच्या आंतरक्रियेवर फळमाशीच्या देहखंडांची ओळख अवलंबून असते.’ दुसऱ्या तपासनिसाने तिथे ‘अंतर्क्रिया’ केलंय. बरोबर काय?

कंगवा१०: अंतर्क्रिया नकोच. अंतर् म्हणजे आत (अंतर्गत), आंतर म्हणजे दोहोंमधलं (आंतरजातीय). पण मला आंतरक्रियाही खटकते, कारण दोन रेणू एकमेकांना भिडले असं वाटतं. प्रयोगात दिसतं ते वेगळं. नराच्या फक्त पुढच्या पायांवर कंगवा असतो, साधारण 10 ते 12 दात्यांचा. पॉलिकोंबची एक प्रत बिघडली की मधल्या आणि मागच्या पायांवरही दाते उगवतात. त्याच माशीत ट्रायथोरॅक्सचीही एक प्रत बिघडलेली असेल, तर हे जादा दाते घटतात. पॉलिकोंब हे एससीआर (कंगवा घडवणारं जनुक) बंद ठेवतं, ट्रायथोरॅक्स ते चालू ठेवतं. भेट कुठेच सिद्ध होत नाही. म्हणून ‘परस्परप्रभाव’.

संतोलक: ‘परस्पर’ कशाला? विद्यार्थ्यांच्या तोंडी आंतरक्रिया रुळलाय, तोच ठेवा. खरी चूक मोजणीत होते. तुलनेची भावंडं त्याच संकरातली हवीत, तापमान 25 अंश, बाटलीत गर्दी नको. आणि टीएम2 हे संतुलक गुणसूत्र (बिघडलेलं जनुक पुढच्या पिढ्यांत टिकवायला वापरतात ते) असलेली भावंडं संतोलक (मागच्या पंखांच्या जागी असलेले तोल सांभाळणारे छोटे अवयव) मोजायला घेऊ नका. त्यात यूबीएक्स या तिसऱ्या वक्षखंडाची ओळख ठरवणाऱ्या जनुकाचाच बिघाड असतो, त्यामुळे संतोलक मुळातच थोडे मोठे दिसतात.

पानवाचक: आणि ‘ओळख’? की ‘खंडत्व’?

कंगवा१०: ओळख. जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांच्या चार पंखी माशीत तिसरा वक्षखंड दुसऱ्यासारखा होतो. खंड जागेवरच, त्याची ओळख बदलली. खंडत्व म्हटलं तर खंडच नाहीसा झाल्यासारखं वाटतं.

आमराई: मुळात ‘फळमाशी’च चूक! कोकणात फळमाशी म्हणजे आंब्यात अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा, मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात नर अडकतो ती. ड्रॉसोफिला, म्हणजे या वाक्यातली प्रयोगशाळेतली माशी, त्या सापळ्याला येत नाही, ती पिकून आंबलेल्या फळावर घिरट्या घालते. तिला ‘चिलट’ म्हणा.

संतोलक: चिलट म्हटलं की डोळ्यांपुढे नाचणारी बारीक किडे-केमरं कुणीही आठवेल. पाठ्यपुस्तकात फळमाशीच चालते.

आमराई: पाठ्यपुस्तक वाचणाऱ्याच्या घरीही आमराई असते.